विहिरीत टाकलेला कापूस

कपडा पांढरा दिसतो म्हणून तो स्वच्छ असतोच असं नाही, हे मला अठ्ठावीस वर्षं पगार देऊन शिकवण्यात आलं. कपडे धुण्याची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. माझ्या टेबलावर एक पिवळट भुकटी यायची. पावडरीत ती चिमूटभरच पडायची, पण सगळी कमाल तिचीच. मळ ती काढत नाही, मळ साबण काढतो. ही नुसती कापडाच्या धाग्याला चिकटून बसते, उन्हातला जो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही तो गिळते आणि निळसर करून परत फेकते. मग पिवळी पडलेली जुनी बनियनसुद्धा नव्या नवरीसारखी मिरवते. आम्ही तिला ब्राइटनर म्हणायचो. माझ्या आईच्या पिढीनं जे काम निळीच्या पुडीनं केलं, तेच ही जास्त हुशारीनं करते.

मला तिचं फार कौतुक होतं. आजही आहे, खोटं कशाला बोलू? वह्यांच्या पानांत ती असते, लग्नपत्रिकांत असते, दुकानातून आणलेल्या कोऱ्या शर्टातही असते. काळ्या दिव्याखाली, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली धरलं, की यातलं सगळं निळंपांढरं पेटतं. नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांच्याच ओढण्या चमकताना दाखवायचे. त्या किंचाळायच्या आणि मला भारी वाटायचं.

धुणं झाल्यावर ही भुकटी जाते कुठं, हे मात्र त्या खोलीत कुणी विचारलं नाही. मीही नाही. उत्तर मला ठाऊक होतं. थोडी कापडावर राहते, बाकीची मोरीतून पुढे जाते. सांडपाणी साफ करण्याच्या टाकीत तिचा काही भाग गाळाला धरून बसतो, उरलेली ओढ्यानाल्यांना लागते. उन्हात ती हळूहळू मोडते, पण चिखलात, जिथं ऊन पोचत नाही तिथं, मुक्काम ठोकून राहते. पाण्यातल्या जिवांना तिच्यामुळे काय होतं, याची पुरती माहिती तेव्हा आमच्याकडे नव्हती, आणि माहिती नाही म्हणजे काळजी नाही असा आमचा सोयीचा हिशेब होता.

नोकरी संपल्यावर मी मुलाकडे राहायला आले. हिंजवडी मागे टाकून कासारसाईकडे जाताना टेकडीच्या उतारावर आमची सोसायटी आहे. सकाळी कंपन्यांच्या गाड्या माणसं भरून निघून गेल्या की मागे राहतात सासवा, सासरे आणि कुत्री. माझा वेळ जाईना. त्या दिवसांत माझी खरी ओळख झाली ती गेटवर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींशी.

ओळख भांडणातूनच झाली. मी मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते, तर त्या म्हणाल्या, "ताई, भाजी हाय ती. पोरगी बगायला आलाय व्हय?" मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या. मी रागानं जुडी घेतली आणि घरी जाऊन निवडली, तर एक पान टाकावं लागलं नाही. मातीचा कण नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याशिवाय कुणाकडून भाजी घेतली नाही. पासष्टीच्या, काटक, बोलायला फटकळ. सोसायटीच्या भिंतीखालून ओढा जातो, तो ओलांडला की त्यांची बौद्ध वस्ती. पहाटे भाजी काढायची, विहिरीच्या पाण्यात दोनदा बुडवायची आणि थेट गेटवर आणायची, हा त्यांचा रोजचा नेम.

भादव्यात एकदा त्या आठ दिवस आल्याच नाहीत. आजारी असतील म्हणून मी ओढा ओलांडून बघायला गेले. मावशी धडधाकट होत्या. वाफ्यात पालक कमरेला हात लावून उभा राहावा तसा वाढला होता, आणि त्या दारात नुसत्या बसून होत्या.

"हिरीचं पानी वास मारतंय," त्या म्हणाल्या. "त्यात बुडवल्याली भाजी तुमच्या पोरांच्या पोटात घालू व्हय?"

"कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं. चेष्टेतच म्हटलं, पण म्हटलं.

"मला कळलं आस्तं की," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यभर वस्तूंना चांगलं दाखवण्याचं काम केलं. त्या दिवशी त्या दारात मला माझीच थोडी लाज वाटली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वासाची तक्रार ग्रामपंचायतीत गेली होती. पाणी पिण्यालायक नाही म्हणून विहीर बुजवायची, असं दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ठरणार होतं. वस्तीचं म्हणणं, वर सोसायटी झाल्यापासून हे सुरू झालं. सोसायटीचं म्हणणं, वस्तीतल्या बायका विहिरीवर धुणी धुतात, त्याचंच पाणी आत झिरपतं. "आमी हिरीवर धुनं धुतो?" मावशींचा आवाज चढला. "माझ्या सासऱ्यानं आन त्यांच्या भावांनी खांदली ती. पायातली चप्पल घालून तिच्या कठड्यापाशी जात न्हाई आमी."

तेव्हा मला माझी भुकटी आठवली. ब्राइटनर निसर्गात कुठं उगवत नाही. झऱ्यात तो सापडला, तर तिथं कुणाच्या तरी मोरीचं पाणी पोचलंय, आणि जिथं धुण्याचं पाणी पोचतं तिथं संडासाचंही पोचलेलं असू शकतं. तो पकडायलाही फार काही लागत नाही. मेडिकलच्या दुकानातला, ब्राइटनर न लावलेला कापूस जाळीच्या पिशवीत घालून आठवडाभर पाण्यात बांधून ठेवायचा. कापसाला हा पदार्थ आवडीनं चिकटतो. नंतर वाळवून काळ्या दिव्याखाली धरायचा. पेटला तर मोरी, अंधारा राहिला तर सुटलो. माझ्या कपाटात तसा एक छोटा टॉर्च होता, निरोपाच्या वेळी मुलींनी गमतीनं दिलेला.

"म्हंजी तुमच्या मोरीतला साबन माझ्या हिरीत आला का, ते कापूस सांगनार?" मावशींनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं, आणि मलाच हसू आलं.

लसणाच्या जाळीच्या पिशव्या कापून मी चार पुड्या शिवल्या. आधी टॉर्च मारून बघितलं, कापूस अंधारा होता. एक पुडी तुलनेसाठी डब्यात घरी ठेवली, उरलेल्या तिन्ही मावशींच्या हाती दिल्या. एक टेकडीवरच्या झऱ्यात बांधायची, जिथं वर एकही घर नाही. एक आमच्या भिंतीखाली ओढ्यात. आणि एक विहिरीत. सातव्या दिवशी त्यांनी तिन्ही वाळवून, वेगवेगळ्या पिशव्यांत, खुणेचे दोरे बांधून आणून दिल्या.

इथं मी माती खाल्ली. आधी स्वतः बघायचं सोडून मी सोसायटीच्या सेक्रेटरींनाच घरी बोलावलं. हे गृहस्थ विदर्भातून आलेले, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सगळ्या बैठकांत माझं बोलणं मध्येच तोडणारे. त्यांचं तोंड कधी बंद होतंय असं मला झालं होतं. माझ्या हाताखालच्या मुलीनं असा उतावळेपणा केला असता तर तिला मी फैलावर घेतलं असतं. बाथरूमची खिडकी काळ्या कागदानं बंद केली, दार लावलं, टॉर्च मारला. ओढ्यातली पुडी पेटली. मी विजयानं त्यांच्याकडे बघितलं. विहिरीतली पेटली. आणि टेकडीवरच्या झऱ्यातलीही पेटली, तितकीच, लखलखीत.

"मॅडम, डेटा क्लिअर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आपल्या सोसायटीच्या वर पण पाणी खराबच आहे. म्हणजे आपला काही संबंध नाही. थँक यू, ग्रामसभेत हेच सांगतो."

ते गेले आणि मी कमोडवर बसून राहिले. टेकडीवर धुणं कोण धुणार, कोल्हे? बऱ्याच वेळानं डब्यातली चौथी पुडी आठवली. तिच्यावर टॉर्च मारला. ती अंधारीच होती. म्हणजे कापूस निर्दोष होता. काहीतरी घडलं होतं ते माझ्या हातातून पुड्या गेल्यावर आणि पाण्यात पडायच्या आधी.

मी तशीच ओढा ओलांडून गेले.

"मावशी, कापूस पाण्यात टाकायच्या आधी काय केलंत?"

"धुतला की," त्या म्हणाल्या, जणू मी जेवायच्या आधी हात धुतलेत का असं विचारलं होतं. "दोनदा धुतला. रोजच्या वडीनं न्हाई, नवी पावडर आनली त्यासाठी." आणि कोनाड्यातला पुडा काढून त्यांनी कौतुकानं माझ्यासमोर धरला. तो आमच्याच कंपनीचा होता. त्यात कोणती भुकटी किती पडते, ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

माझा संयम सुटला. मी ओरडलेच त्यांच्यावर. धुवायला कुणी सांगितलं होतं, आठवडा गेला, वर त्या माणसाच्या हातात कोलीत दिलं, असं काय काय बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "ताई, न धुतल्यालं काय बी आमच्या हिरीत जात न्हाई. नवा दोर आनला तरी आदी धुतो आमी. नवी बादली धुतो."

"पण का?"

"गावच्या हिरीला आमच्या मान्सांनी हात लावायचा न्हाई, असं हुतं. का, तर आमच्या हातानं पानी बाटतं. सासू सांगायची, कळशी घिऊन लांब उबं ऱ्हायाचं, कुनाला दया आली तर वरनं वतायचं. म्हनून ही खांदली. मग सासूनं नेमच केला. आपल्या पान्याला कुनी नाव ठिवायला जागा ठिवायची न्हाई. कुनी बी यावं, बगावं, पिऊन जावं. आमच्या हिरीइतकी सोच्छ हिर ह्या पट्ट्यात दावा म्हनावं."

परभणीकडच्या माझ्या आजोळी तशीच एक गावची विहीर होती. सहा-सात वर्षांची होते मी. कठड्यापाशी मामी मला तांब्या द्यायची आणि खाली उभ्या असलेल्या एका बाईच्या घागरीत उंचावरून पाणी ओतायला सांगायची. धार घागरीच्या तोंडात नेमकी पडली की मला मजा यायची. ती बाई खाली मान घालून उभी असायची. तिचा चेहरा मी कधी बघितला नाही, बघावासाही वाटला नाही. मावशींच्या दारात इतक्या वर्षांनी मला ती धार आठवली. त्यांना मी ते सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

आता अडचण अशी, की नवा कापूस पावडर न लावता विहिरीत टाकायला मावशी तयार होईनात. दोन दिवस नाहीच म्हणाल्या. मी कापसाच्या पुड्यावरचं 'निर्जंतुक' वाचून दाखवलं, काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच गेटवर आल्या, भाजी नाही, काही नाही. "साबन नको ना निस्ता? मग उकळून टाकते. बाळंतिनीचं कापड आमी उकळूनच घ्यायचो. जारच्या पान्यात उकळते, हिरीच्या न्हाई. हिरीच्या पान्यात तुमचा त्यो चमकनारा सायब आसंल तर आदीच चिकटंल."

पदार्थ पाण्यातून कापसाला आधीच लागू नये म्हणून वेगळं पाणी घ्यायचं, ही गोष्ट मला कॉलेजात शिकवावी लागली होती. चौथी शिकलेल्या या बाईला ती दोन दिवसांत आपली आपण सुचली. प्रयोगशाळेत त्या माझ्या टेबलाशी असत्या, तर मी निवृत्त व्हायच्या आधी माझ्या साहेब झाल्या असत्या.

सात दिवसांनी आम्ही तिघं माझ्या बाथरूममध्ये दाटीवाटीनं उभे होतो, मी, मावशी आणि सेक्रेटरी. या वेळी मी आधी बघून घेतलं होतं. टेकडीवरच्या झऱ्यातली पुडी अंधारी. आमच्या भिंतीखालची अशी पेटली की सेक्रेटरी मागे सरकून नळावर आपटले. विहिरीतली मंद, पण पेटलेली. मावशींनी ती हातात घेतली आणि आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा हात तिला लावला.

सेक्रेटरी म्हणाले, "मी पाइप बघायला लावतो." माणूस वाटला होता तितका वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी प्लंबरबरोबर तो स्वतः चिखलात उतरला. सांडपाण्याच्या टाकीमागं, जमिनीखाली, पाइप जोडावर फुटलेला निघाला. ग्रामसभेतही त्यांनीच उभं राहून चूक आमची असल्याचं सांगितलं. विहीर लगेच बुजवायची नाही असं ठरलं. पाइप बदला, विहीर उपसा, गाळ काढा आणि माघात पुन्हा कापूस टाका. तेव्हाही पेटला तर मात्र बुजवायची, असंही ठरलं.

सोसायटीचा पंप लावून विहीर तीनदा उपसली. गाळ काढायला वस्तीतली माणसं उतरली. झरे पुन्हा भरले. वास गेला, पण वास जाणं आणि पाणी निर्दोष सुटणं यात फरक आहे, हे मला आणि मावशींना दोघींनाही माहीत होतं. त्या महिनाभर माझ्याशीसुद्धा नीट बोलल्या नाहीत.

माघी पौर्णिमेच्या दुपारी विहारात सगळी वस्ती जमली. बघायचं ते सगळ्यांच्या देखत बघायचं, ही मावशींची अट. पंचायतीची दोन माणसं आली होती, सेक्रेटरीही पांढरा शर्ट घालून आले होते. वंदना झाली. मग खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दार ओढून घेतलं, आणि मी टॉर्च लावून सगळ्यांवरून फिरवला.

सगळं विहार पेटलं. पौर्णिमा म्हणून बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत होते. निळीपांढरी माणसांची रांगच्या रांग अंधारात उजळली. सेक्रेटरींची कॉलर तर बघवत नव्हती. पोरं ओरडायला लागली, एक म्हातारी घाबरून हसली. मी आयुष्यभर जे बनवलं ते असं एका ठिकाणी, एवढ्या माणसांच्या अंगावर, कधी बघितलं नव्हतं. सुंदर दिसत होतं.

"ह्यो सगळा आमच्या अंगावर?" मावशी हळूच म्हणाल्या. आणि लगेच, "म्हंजी आमच्या धुन्याच्या पान्यात बी आसनार. धुन्याचा दगूड हिरीपासनं लांब, खालच्या अंगाला न्यायला पायजे."

त्यांनी विहिरीतला कापूस तळहातावर घेतला आणि हात दिव्याखाली धरला. त्यांच्या साडीचा पदर मागे लखलखत होता. कापूस अंधारा होता. मी टॉर्च जवळ नेला, अगदी चिकटवला, पुडी उलटीपालटी केली. एक धागा चमकला नाही. त्या उजळलेल्या खोलीत फक्त त्यांची विहीर तेवढी काळोखी होती.

कुणीतरी घोंगडी ओढली, उजेड आत आला आणि लोक एकदम बोलायला लागले. मावशी मात्र माझा दंड धरून मला सरळ बाहेर, विहिरीकडे घेऊन गेल्या. कठड्याच्या अलीकडे आम्ही दोघींनी चपला काढल्या.

"हात धुवा आदी," त्या म्हणाल्या. "निस्त्या पान्यानं."

मी रांजणातल्या पाण्यानं हात धुतले. मग कठड्यापासून चार पावलं लांब, मान खाली घालून, नकळत ओंजळ धरून उभी राहिले. त्या ओततील म्हणून.

"वंजळ कशाला धरलीया?" मावशींनी धुतलेला दोर माझ्या हातात दिला. "हितं कुनी कुनाला वरनं वतत न्हाई. या, आपल्या हातानं काडा."